यादीतला अकरावा नग

येरळेच्या अलीकडं पांढरीचं टेकाड होतं.
गावात त्याला कुणी थडगं म्हणत नव्हतं.
गाड्या भरून माती जायची शेतात,
जोंधळा डोक्याच्या वर जायचा,
कशानं, ते कुणी विचारलं नाही.

मग हालम साहेब आला, घोड्यावर, छत्री उघडी धरून.
तिम्मा वडाराची माणसं लावली,
दोरीनं टेकाडाचे चौकोन पाडले,
आणि मला बोलावलं, रोज चार आण्यांवर:
निंबाजी, फुटलेलं जोड.

जन्मभर मडकी घडवली, जोडली नव्हती कधी.
लोकांचं फुटतं म्हणून तर कुंभाराचं भागतं.
पण चार आणे रोख होते.

डिंक, चुना, गुळाचं पाणी.
एकेका खापराला विचारत बसायचो,
तुझी कड कुठं गेली बाबा?
आठवड्यात कळलं, ही चाकावरची नव्हेत.
वळीवर वळी चढवत हातानं उभी केलीत,
ओल्या बोटानं काठ पुसलाय,
बोटंही बारीक, बाईमाणसाची असावीत.
साहेबाला सांगितलं. त्यानं मान डोलावली
आणि वहीत दुसरंच काहीतरी लिहिलं.

पाचव्या फुटावर
दोन डेरे आडवे, तोंडाला तोंड लावलेले.
तिम्मा कुदळ टाकून लांब जाऊन बसला.
आत,
थांबा, सांगतो,
आत काडीएवढ्या बरगड्या.
तांब्याचं वाळं, हिरवं पडलेलं,
माझ्या दोन बोटांवरून सरकेना.
लाल अकीकाचे नऊ मणी,
दोरा कधीच कुजलेला, तरी ओळ सोडली नव्हती.
आणि एक बोळकं.

खंडकर कारकून मोडीत यादी करत होता.
डेरे, नग दोन. वाळं, नग एक. मणी, नग नऊ.
हाडं, किरकोळ.
ती बिस्किटाच्या डब्यात गेली.

बोळकं माझ्याकडं आलं, ओठ तुटलेलं.
उलटं करून बघितलं. बुडाला काजळी नाही.
आत दुधाचा, तेलाचा डाग नाही.
चुलीपर्यंत पोचलंच नव्हतं ते.
घाईत भाजलेलं, एका अंगाला कच्चं.
साहेबाला हे दिसायचं नाही. मला दिसतं,
कारण असं गिऱ्हाईक माझ्याही दारात येतं:
पायात वहाण नसते,
लहानसं दे म्हणतं,
आणि केवढं लहान ते हातानं दाखवतं.
त्याचं धान्य आम्ही घेत नाही.

त्या रात्री चाक फिरवलं नाही.
लीद घालून माती मळली, वळ्या केल्या,
तसाच पोटाचा फुगार, तसाच जरा कलता.
शेणीच्या धुरात भाजलं, ताकात बुडवलं,
राखेत लोळवून म्हातारं केलं.
मग ओठ तोडला. मग जोडला.
कामच होतं ते माझं.

खरं बोळकं पहाटे मातीत गेलं.
कुठं, ते माझ्या तान्हूलाही ठाऊक नाही.
हाडं डब्यात आणि बोळकं जमिनीत,
अर्धंच झालं, मला कळतं की.
पण डब्याला कुलूप होतं.

दोन वर्षांनी खंडकर आला,
साहेबाचं छापील पुस्तक काखेत.
ओट्यावर बसून मराठी करत वाचलं:
नग अकरा. लहान पात्र. अतिप्राचीन.
आतून कारागिराच्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा,
टोक आखूड. त्या लोकांची ठेवण बहुधा तशीच असावी.

माझ्या अंगठ्याचं टोक
नवव्या वर्षी उसाच्या चरकात गेलं.
मी मूठ मिटली.
खंडकरानं मुठीकडं बघितलं, जरा जास्तच वेळ,
आणि पान उलटलं.

टेकाड आता निम्मं राहिलंय.
गाव अजून गाड्या भरतं, नाही कसं म्हणू,
जोंधळा सगळ्यांनाच लागतो.
मी चाळण घेऊन चाकाशी उभा असतो.
हसतात लोक.
हसू देत, माती आधी चाळून देतो.